यजमानांवरचा अनुस्वार

चेन्नईत येऊन मला दोन दशकांवर काळ लोटला, पण मी इथे नेमकं काय काम करत होते हे माझ्या माहेरी अजून कोणाला नीट सांगता येत नाही. नाशिकला भाऊ कोणाला तरी सांगतो, "शैला हॉस्पिटलमध्ये असते." ऐकणारा चेहरा पाडून विचारतो, "अरेरे, काय झालं?" मग वहिनी सावरून घेते, "आजारी नाही हो, नोकरीला होती." "नर्स का?" "नाही, बोलायची." बोलायचा पगार मिळतो यावर आमच्याकडे कोणाचा विश्वास बसत नाही. ज्यांनी मला वर्षानुवर्षं फुकट ऐकलंय त्यांचा तर अजिबातच नाही.

तर मी काय करत होते ते एकदा सांगूनच टाकते. इंग्रजी घेऊन एम.ए. झाले आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आले. आधी अड्यारमधल्या एका क्लासात इंग्रजी संभाषण शिकवलं. तिथून अण्णा नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलने मला उचललं. काम असं, की स्वागत कक्षातल्या मुलामुलींना गोड इंग्रजी बोलायला शिकवायचं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की या बाईला मराठी येतं, हिंदी येतं आणि गप्प बसता येत नाही. महाराष्ट्रातून उपचारांसाठी येणारे पेशंट वाढत होते. मग डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये उभं राहून इकडचं तिकडे करणं हे दुसरं काम मागे लागलं. मराठीत याला दुभाषी म्हणतात. माझ्या कार्डावर 'लँग्वेज कोऑर्डिनेटर' असं छापलं होतं, म्हणून मी स्वतःला बरीच वरची समजत असे.

शिकवण्याची माझी एक पद्धत होती, आणि तिच्याविषयी मला नको तितका अभिमान होता. शब्द सुटे शिकवायचे नाहीत, घराण्यासकट शिकवायचे. आजी कोण, आत्या कोण, कोण कुठे दत्तक गेलं, हे सगळं सांगायचं. हॉस्पिटलमधल्या वर्गात माझं हुकमी घराणं होतं होस्टचं. फार पूर्वी युरोपाकडच्या भाषांच्या मुळाशी एक शब्द होता, आणि त्याचा अर्थ 'परका माणूस'. दारात उभा असलेला, कोण कुठला ठाऊक नाही असा. त्याला आत घेतलं की तो गेस्ट. आत घेणारा तो होस्ट. आत न घेता काठी उगारली की तेच नातं हॉस्टाइल, म्हणजे वैराचं. लॅटिनमध्ये तर यजमान आणि पाहुणा या दोघांनाही एकच शब्द होता, आणि त्याच्याच पोटी हॉस्टेल, हॉटेल आणि हॉस्पिटल या तीन बहिणी जन्मल्या. हॉस्पिटल म्हणजे मूळची वाटसरूंची उतरायची जागा. औषधपाणी तिथे नंतर आलं. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तोच शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याचं इस्पितळ झालं.

हे सगळं मी फळ्यावर वंशवृक्ष काढून शिकवायचे. वर्ग माना डोलवायचा. इथे मान डोलावणं म्हणजे होकार की नकार की नुसता आदर, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. एकदा कविता नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅम, म्हणजे हॉस्टेल आणि हॉस्टाइल नात्यातले?"

"अगदी जवळचे."

"आमचं मेसचं जेवण खाऊन मला ते आधीच माहीत होतं, मॅम."

याच कविताने मला सांगितलं की तमिळमध्ये विरुंदु म्हणजे मेजवानी आणि पाहुणाही, पण जुन्या तमिळमध्ये त्याचा अर्थ नुसता 'नवं' असा होता. नवा माणूस आला की त्याला जेवायला घालायचं, यापलीकडे या शहराला पाहुणचाराची व्याख्या लागत नाही. मी हे लगेच माझ्या भाषणात घातलं आणि पुढच्या वर्गापासून माझंच म्हणून सांगू लागले.

सेल्वम नावाचा सुरक्षारक्षक वर्गात मागे बसायचा. त्याची शंका अशी, की घोस्ट या शब्दातही होस्ट आहे, तर तोही यांच्यातलाच का. मी म्हटलं, नाही, तो नुसता शेजारी राहतो. सेल्वमला ते पटलं नाही. रात्रपाळी तो करत होता, मी नव्हे.

मग व्यवस्थापनाला माझ्या शिकवणीचा झटका आला आणि फर्मान निघालं की यापुढे पेशंट म्हणायचं नाही, गेस्ट म्हणायचं. सेल्वमने ते मनावर घेतलं. घरी निघालेल्या प्रत्येकासाठी तो दार उघडून धरी आणि मी शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात म्हणे, "थँक यू सर, व्हिजिट अगेन." हृदयाची दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांनी चाकाच्या खुर्चीतून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पार्कलाम." म्हणजे, बघू या. फर्मान त्याच आठवड्यात मागे घेतलं गेलं. दोष अर्थातच भाषा विभागाकडे आला, आणि भाषा विभाग म्हणजे मी एकटीच होते.

आता जी गोष्ट सांगायला बसले आहे ती सांगते. मिरवून सांगण्यासारखी नाही, पण माझ्या सगळ्या नोकरीत तिच्याइतकी दुसरी कुठलीच मला आठवत नाही.

सुनंदाताई चिपळूणजवळच्या गावातून आल्या होत्या. चाळिशीच्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या हाडांतल्या मगजाने रक्त तयार करणंच थांबवलं होतं. बाहेरचं रक्त भरून दिवस ढकलणं चाललं होतं, आणि ते फार काळ चालणार नव्हतं. उपाय एकच होता, दुसऱ्या कोणाचा तरी मगज घालणं. धाकटा भाऊ महेश इथेच इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याच्या तपासण्या झाल्या आणि त्याचा मगज बहिणीला जुळला. म्हणून चिपळूण सोडून चेन्नई. बरोबर त्यांचे मिस्टर, मनोहरराव. हा माणूस इतका कमी बोलायचा की त्याच्याबरोबर माझी नोकरीच गेली असती.

आमच्या डॉक्टर रेवती हुशार, पण बोलणं जलद. त्या दिवशी त्यांनी सुनंदाताईंना सगळे धोके समजावून द्यायला मला बोलावलं. मनोहरराव औषधं आणायला खाली गेले होते, महेश कारखान्यात पाळीवर होता. खोलीत आम्ही तिघीच.

धोक्यांत एक धोका असा. भावाच्या पेशी बहिणीच्या अंगात रुजतात खऱ्या, पण कधीकधी त्या नव्या घरालाच परकं समजतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. डॉक्टरी भाषेत ज्या अंगात पेशी रुजायच्या त्या अंगाला होस्ट म्हणतात. डॉक्टर म्हणाल्या, या पेशी होस्टवर हल्ला करतात.

होस्ट. माझं घराणं. हॉस्पिटलमध्ये उभी राहून, पाहुणा आणि यजमान आणि वैर, सगळं एका वाक्यात. मी इतकी खूश झाले की काय सांगू. एरवी मी 'शरीर' म्हटलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण हातात सोनं आल्यावर पितळ कोण वापरील? मी म्हटलं, "तुमच्या भावाच्या पेशी कधीकधी यजमानांना परकं समजतात आणि त्यांच्यावर हल्ला करतात."

यात पुन्हा माझी सभ्यता आड आली. यजमानाला, त्याच्यावर, असं एकवचन माझ्या जिभेवर येईना. यजमान म्हटला की त्याला अहोजाहो आलंच. म्हणून 'यजमानाला'चं 'यजमानांना' झालं. एक अनुस्वार जास्त पडला.

पुढचं मी घडाघडा सांगितलं. अंगावर पुरळ उठतं, पोट बिघडतं, कावीळ होते. बहुतेकदा औषधाने आटोक्यात येतं, पण क्वचित जिवावर बेततं. सुनंदाताई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरी गेल्यावर पण?"

मी तो डॉक्टरांना विचारला. डॉक्टर म्हणाल्या, हो, कित्येक महिने. मी म्हटलं, "हो, घरी गेल्यावरसुद्धा कित्येक महिने धोका असतो."

"बरं," त्या म्हणाल्या.

दुभाष्याच्या कामातला साधा नियम आहे, की सांगून झालं की पेशंटला विचारायचं, आता तुमच्या शब्दांत मला सांगा बघू. मी स्वतः हा नियम शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतःच्या वाक्यावर इतकी फिदा होते की विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाताईंनी सांगितलं, मला हे करायचं नाही. घरी जायचंय.

डॉक्टर रेवतींना वाटलं, बाई भ्यायल्या. त्यांनी पुन्हा येऊन समजावलं, की हे केलं नाही तर हातात फार थोडा काळ आहे. सुनंदाताई म्हणाल्या, "माहितेय मला." समुपदेशक येऊन गेल्या. महेश पाळी संपवून कंपनीच्या गणवेशातच धावत आला आणि ताईच्या पायाशी बसला. "ताई, मला काही होत नाही गं. रक्त देण्यासारखं असतं. मी तयार आहे." ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "दुसऱ्या कोणाचं नाही का चालणार?" एवढंच म्हणाली. पोराचा चेहरा असा झाला की मलाच खाली बघावं लागलं. मनोहरराव बाहेर बाकावर बसून होते. मी जवळून गेले तर जमिनीकडे बघत म्हणाले, "हिला जगायचंच नाही."

आमच्याकडे नोंदणीच्या टेबलावर पद्माबाई होत्या, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चाले. त्या मला गाठून म्हणाल्या, "शैलाबाई, ते चिपळूणचे बाई जेवतच नाहींत, पाहा. तुम्हींच जाऊन बोला. तुमची भाषा, तुम्हांला सांगतील. पोंगो, पोंगो."

पोंगो म्हणजे जा. मी गेले. पूर्ण तयारीनिशी गेले. भीती कशी घालवायची यावर माझ्याकडे एक व्याख्यान होतं आणि त्याची सुरुवात अर्थातच इस्पितळ या शब्दापासून होत होती. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले, की सुनंदाताई, तुम्ही आम्हाला परक्या नाही. हॉस्पिटल म्हणजे मुळात पाहुण्यांचं घर. पोर्तुगीज आले, मग इस्पितळ झालं, वगैरे. मरणाच्या दारातल्या बाईला मी पोर्तुगीज सांगत होते. ती बाई शांतपणे ऐकत होती. कोकणातल्या माणसाला बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं असेल तर तो तोडतो, पण तिने तेही केलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तिने विचारलं,

"बाई, तुमचे यजमान काय करतात?"

"रिटायर झालेत. घरीच असतात. आता त्यांना..." मी म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं.

मी माझ्या नवऱ्याला जन्मभर "अरे श्रीकांत" म्हणत आले. माझी आई वडिलांना 'हे' म्हणायची. यजमान हा शब्द माझ्यासाठी लग्नपत्रिकेत आणि शब्दकोशात राहणारा. त्याचा दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. हजार वेळा कानावरून गेला होता. पण मी शब्दांच्या खापरपणज्यांकडे इतकं लक्ष देऊन होते की समोर नांदणारा अर्थ मला दिसलाच नाही.

"सुनंदाताई," मी म्हटलं, "परवा डॉक्टर काय म्हणाल्या, ते मला तुमच्या शब्दांत सांगा."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच तर म्हणालात. महेशचं रक्त माझ्या अंगात आलं की ते यजमानांवर उलटतं. परकं समजतं त्यांना. त्यांच्या जिवावर बेतेल. घरी गेल्यावर पण." आणि उलट मलाच विचारलं, "तुम्ही काय केलं असतं? मी जगायचं आणि घरातलं माणूस घालवायचं?"

"असं कसं होईल, असं विचारलं नाहीत?"

"मोठे डॉक्टर सांगतायत. एकाचा ताप दुसऱ्याला लागतो, मग हेही लागत असेल. आणि महेशचं नि ह्यांचं आधीपासून फारसं जमत नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस जसा दिसतो तशी मी त्यांना दिसले असणार. ही बाई मला भित्री वाटली होती. ती घाबरली होती हे खरं, पण तिची भीती वेगळ्याच माणसासाठी होती, आणि त्यासाठी ती कोणाला न सांगता मरायला तयार झाली होती. तेही माझ्या एका अनुस्वारावर विसंबून. त्या क्षणी पोर्तुगीजांच्या गलबतात बसून कुठेतरी दूर निघून जावं असं मला वाटलं.

मी त्यांचा हात धरला आणि या वेळी कुठलीही सजावट न करता सांगितलं. यजमान म्हणजे तुमचे मिस्टर नाहीत. यजमान म्हणजे तुम्ही. तुमचंच अंग. तुमच्या मिस्टरांना याने काहीही होत नाही, ते तुमच्या ताटात जेवले तरी होत नाही. भावाच्या पेशी तुमच्या अंगात राहायला येतात. कधीकधी त्यांना ते घर परकं वाटतं आणि त्या तिथेच भांडायला लागतात. त्यांना शांत करायला औषधं असतात. धोका आहे, पण तो तुम्हाला आहे.

"मलाच ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच."

"आणि ह्यांना काही नाही?"

"काही नाही."

सुनंदाताई उशीला टेकल्या. जिवावरचा धोका आपल्यालाच आहे हे ऐकून इतका मोकळा श्वास टाकणारी बाई मी पाहिली नव्हती. त्या म्हणाल्या, "म्हणजे माहेरचं माणूस घरी राहायला आल्यासारखं. भाऊ आहे तो. दोन दिवस राहिला की भांडणारच." आणि मग, "बाई, हे ह्यांना सांगू नका. हसतील मला."

मी शब्द दिला. डॉक्टर रेवतींना मात्र सांगणं भाग होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाल्या, "शैला, यापुढे बॉडी म्हण." पद्माबाईंना मी काय घडलं ते अर्धंमुर्धं सांगितलं तर त्या अजूनच गोंधळल्या. "एजमान म्हणजे मालक ना? मग भावाचं रक्त कंपनीच्या मालकावर कशाला जाईल?" तमिळमध्ये एजमान म्हणजे धनी. त्या खोलीत पद्माबाई दुभाषी असत्या, तर महेशचा कारखाना बंद पडला असता.

पुढचं सगळं रीतसर झालं. महेशचा मगज काढला, सलाइनसारखा थेंबथेंब ताईच्या अंगात सोडला. सुनंदाताई वेगळ्या खोलीत, काचेपलीकडे. काही आठवड्यांनी त्यांच्या तळहातांवर लाल पुरळ उठलं. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी तोंड बांधून आत गेले तर ताई हात पुढे करून म्हणाल्या, "बघा, महेश भांडायला लागला." औषध वाढवलं, आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो, आणि हळूहळू पुरळ गेलं. पेशी रुजल्या. शेवटी तर ताईंचा रक्तगटही बदलून महेशचा झाला. मगज बदलला की असं होतं. ताईंनी ते ऐकून महेशला सांगितलं, आता तू मला भाऊबीज घालायची गरज नाही, मी सगळंच घेऊन चालले आहे.

त्या चिपळूणला निघाल्या त्या दिवशी मी खाली सोडायला आले होते. महेश गाडी बघायला रस्त्यावर गेला होता, ताई खुर्चीत बसून पद्माबाईंशी बोलत होत्या. दोघींचं मराठी एकमेकींना निम्मंच कळत होतं, पण कोणालाच दुभाषी नको होता. मनोहरराव माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. इतक्या महिन्यांत हा माणूस माझ्याशी आपणहून पहिल्यांदाच बोलत होता.

"बाई, तुम्ही त्या दिवशी हिला काय सांगितलंत माहीत नाही. पण तुम्ही गेलात आणि ती हो म्हणाली."

"काही विशेष नाही," मी म्हटलं. "एक शब्द नीट सांगायचा राहिला होता."

ते बायकोकडे बघत होते. "त्याआधी मी फार बोललो हो तिला. नको नको म्हणत बसली, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुला माझी काही पडलेली नाही. एवढ्या वर्षांत कधी वाकडं बोललो नव्हतो."

मी शब्द दिला होता. मी एवढंच विचारलं, "मग त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार?" ते म्हणाले. "म्हणाली, जेवून घ्या."